प्रवरेकाठचं हिरवं तांबं

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्याच्या सुटीत आजोळी गेलो होतो. परसातल्या लिंबाला आळं करताना मातीत एक गोल, हिरवी, खडबडीत चकती सापडली. आजोबांनी ती तळहातावर घेतली, चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले, "अरे, ही तर शिवराई दिसते!"

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी पाडलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. झालं! मला कोण आनंद! आजोबा दुपारी झोपले तशी मी चिंच आणली, विटेची भुकटी आणली आणि मोरीत बसून तासभर ते नाणं घासलं. हिरवा थर गेला. नाणं नव्या पातेल्यासारखं लालबुंद झालं. पण अक्षरं? ती कुठंच दिसेनात. एका कडेला अर्धी वेलांटी तेवढी उरली होती. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते बोलत होतं रे. तू त्याचं तोंड बंद केलंस."

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो, शिकवलंही. आजोबा काय म्हणाले ते तेव्हा कुठं नीट समजलं. ही गोष्ट मी माझ्या भाच्याला आणि भाचीला सांगितली. भाचा सातवीत, भाची नववीत. भाचीनं लगेच विचारलं, "मामा, पण तांबं बोलतं म्हणजे काय? त्यावर अक्षरं नसली तरी बोलतं?"

म्हटलं, "चला, प्रवरेच्या काठी जाऊ. तिथं विचारू."

प्रवरा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली नदी. (२०२४ पर्यंत या जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं.) ती सह्याद्रीत उगम पावते, संगमनेरवरून वाहत येते आणि नेवाशाच्या पुढे गोदावरीला मिळते. आज तिच्या दोन्ही काठांना ऊस डोलतो. पण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीही इथं गावं होती. माणसं शेती करत होती, गाई-म्हशी पाळत होती आणि तांबंही वापरत होती. त्यांच्याकडे दगडाची हत्यारं होती आणि थोडंफार तांबंही होतं, म्हणून त्या काळाला म्हणतात ताम्रपाषाण काळ. या एकाच नदीकाठी तांब्याच्या तीन गोष्टी आहेत. आम्ही त्या नदीच्या प्रवाहाबरोबर, वरून खाली ऐकत गेलो.

पहिला मुक्काम : जोर्वे

संगमनेरच्या पूर्वेला थोड्या अंतरावर जोर्वे नावाचं गाव आहे. दिसायला चारचौघांसारखंच. पण जगातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या गावाचं नाव आहे बरं का! १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं. त्यांना नारिंगी-तांबड्या रंगाची, काळ्या नक्षीची खापरं मिळाली. चांगली भाजलेली, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. पुढे अशी खापरं महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडली आणि त्या सगळ्या संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' म्हणू लागले.

याच उत्खननात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. एका कुऱ्हाडीची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा तिच्यात थोडंसं कथील निघालं. दोन टक्क्यांहूनही कमी.

"मग काय झालं त्यात?" भाचा म्हणाला.

मी विचारलं, "तुझ्या आजीकडे काशाची वाटी आहे ना? तळपायाला तेल चोळायची?"

"आहे की!"

"ती तांबं आणि कथील मिसळून होते. तांबं आणि जस्त मिसळलं तर पितळ. आणि पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून आतून जी कल्हई लावतात, तीही कथलाचीच. नुसतं तांबं मऊ असतं. त्यात कथील पडलं की ते कठीण होतं, धार टिकते, आणि वितळून साच्यात ओतायलाही सोपं जातं."

म्हणजे कुऱ्हाडीत कथील किती आहे यावरून ती करणाऱ्याचं कसब कळतं. आणखीही एक कळतं. प्रवरेच्या खोऱ्यातला खडक काळा बसाल्ट. इथं तांब्याची खाण नाही आणि कथलाचीही नाही. मग हा धातू आला कुठून? कुणीतरी दूरवरून आणला असणार. कुणीतरी धान्य किंवा दुसरं काही देऊन तो घेतला असणार. एका कुऱ्हाडीतल्या चिमूटभर कथलानं एवढं सांगितलं!

पण रसायनतज्ज्ञ हे शोधतो कसं? पूर्वीची रीत अशी : वस्तूच्या अगदी आडबाजूचा, डोळ्यात न भरणारा चिमूटभर कीस घ्यायचा आणि तो नायट्रिक आम्लात टाकायचा. तांबं विरघळतं आणि पाणी निळसर होतं. कथील असलं तर ते मात्र विरघळत नाही, त्याची पांढरी भुकटी तळाशी बसते. ती गाळायची, भाजायची आणि वजन करायचं. किसाचं वजन माहीत असतंच. म्हणजे शेकडा किती कथील हे गणित तुम्हीही करू शकाल.

आता कीस काढायचीही गरज उरलेली नाही. वस्तूवर क्ष-किरण टाकतात. प्रत्येक मूलद्रव्य त्याला आपापल्या ठरावीक किरणांनी उत्तर देतं. जणू हजेरी घेतल्यावर प्रत्येक जण आपल्या आवाजात 'हजर' म्हणतो. मात्र हे उत्तर वरच्या पातळ थराचंच असतं. आत आणि वर सारखंच असेल असं नाही. म्हणून यंत्र हाती असलं तरी तज्ज्ञाला डोकं चालवावं लागतंच.

दुसरा मुक्काम : दायमाबाद

संगमनेरहून लोणी, बाभळेश्वर करत आम्ही श्रीरामपूरला आलो. इथल्या रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर! 'उतरायचं श्रीरामपूरला आणि तिकीट काढायचं बेलापूरचं' हे ऐकून भाचा खूप हसला. श्रीरामपूर तालुक्यातच प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. गाव केव्हाच उठून गेलेलं. उरली आहे ती फक्त जुन्या वस्तीची पांढर. जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, मातीची घरं पडली आणि त्यांच्यावर पुन्हा घरं उभी राहिली, तिथली माती आसपासच्या काळ्या रानाहून वेगळी, पांढुरकी दिसते. खेड्यातले लोक तिला 'पांढर' म्हणतात.

तिथं एक आजीबाई शेळ्या चारत होत्या. आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "गाडं बघाया आलाय व्हय? ते हितंच कुठंतरी घावलं. आता हितं काय बी नाही बाबा, समदं मुंबई-दिल्लीला गेलं."

आजीबाई म्हणत होत्या ते 'गाडं' म्हणजे भारतातल्या सगळ्यात गाजलेल्या धातूच्या वस्तूंपैकी एक. १९७४ साली इथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना चार वस्तू सापडल्या. एक रथ, एक म्हैस, एक हत्ती आणि एक गेंडा. रथ ४५ सेंटिमीटर लांब. त्याला दोन बैल जुंपलेले, त्यात १६ सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा आणि मधल्या दांडीवर चक्क एक कुत्रा! म्हैस आणि गेंडा चाकांवर उभे. हत्तीखालची चाकं हरवलेली. या वस्तू पोकळ नाहीत, भरीव ओतलेल्या आहेत. चौघांचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त. भाच्यानं हिशेब केला, "म्हणजे मामा, तुमच्याएवढं!"

गेल्या सुटीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आम्ही दायमाबादच्या वस्तू बघितल्या होत्या. भाचा तेव्हा काचेला नाक लावून म्हणाला होता, "ही खेळणी आहेत का?" एवढं जड खेळणं कोण देईल मुलांना? काही अभ्यासक म्हणतात, उत्सवाच्या मिरवणुकीत त्या ओढून नेत असतील.

दायमाबादची जागा जाणकारांना १९५८ सालीच कळली होती. श्री. बो. प. बोपर्डीकर यांनी ती शोधली आणि लगेच पहिलं उत्खनन झालं. रथ सापडल्यावर १९७४-७५ मध्ये डॉ. एस. आर. राव यांनी, आणि पुढे १९७९ पर्यंत श्री. एस. ए. साळी यांनी इथं खणलं. एकावर एक पाच संस्कृतींचे थर निघाले. त्यांतला एक होता उत्तर हडप्पा संस्कृतीचा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातला. त्यात मातीच्या दोन मुद्रा मिळाल्या आणि त्यांवर सिंधू लिपीतली चिन्हं! कुठं सिंधू नदी आणि कुठं आमची प्रवरा! दुसऱ्या एका थरात तांबं वितळवण्याच्या भट्टीचा तुकडाही मिळाला.

मग राव, साळी आणि इतर काही तज्ज्ञ म्हणाले, हा रथ आणि हे प्राणी उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे असावेत. हत्ती, गेंडा, म्हैस हे प्राणी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही दिसतात. जुळतंय ना सगळं?

पण थांबा. आता आपला रसायनतज्ज्ञ पुढे येतो.

या वस्तूंच्या धातूची तपासणी झाली. त्यात आर्सेनिक निघालं, एक टक्क्याहून जास्त. आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या गोष्टींतल्या 'सोमल' नावाच्या विषात असतं ते मूलद्रव्य. तांब्यात ते मिसळलं तर कथलासारखंच काम करतं, धातू कठीण होतो. पुरातन वस्तूंचा काळ ठरवण्याच्या कामात आयुष्य घालवलेले डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी हे आकडे पाहिले आणि प्रश्न टाकला : ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असं आर्सेनिक मिसळलेलं दिसत नाही. मग याच चार वस्तूंत ते कसं? त्या पुष्कळ नंतरच्या, अगदी ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील.

भाचीचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या पुस्तकातलं चुकीचं?"

"असं कुठं म्हटलं मी? दुसरी बाजू ऐक."

दुसऱ्या बाजूसाठी आणखी मागे जावं लागतं. भारताच्या पुरातत्त्व खात्यात मोहम्मद सना उल्लाह नावाचे रसायनतज्ज्ञ होते. १९२० च्या दशकात मोहेंजोदडोचं उत्खनन झालं, तेव्हा तिथल्या तांब्याच्या वस्तूंची त्यांनी तपासणी केली. १९३१ साली निघालेल्या मोहेंजोदडोच्या मोठ्या ग्रंथात ती छापलेली आहे. त्यांचे आकडे सांगतात की सिंधू संस्कृतीच्या काही वस्तूंतही आर्सेनिक आहे! मग रथ त्याच परंपरेतला का नसावा? डॉ. म. के. ढवळीकरांसारखे पुण्याचे अभ्यासकही तो सिंधू संस्कृतीशी जोडतात.

पाहिलंत? एकाच आकड्याचे दोन अर्थ. जवळजवळ पन्नास वर्षं हा वाद चालू आहे.

"मग सरळ वय का काढत नाहीत?" भाचा म्हणाला. "कार्बनवरून काढतात ना?"

प्रश्न अगदी बरोबर. पण कार्बनची पद्धत लाकूड, कोळसा, हाडं, धान्य अशा, कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना चालते. तांबं कधी जिवंत नव्हतं, त्याला ती लागू नाही. तांब्याचं वय त्याच्या शेजारच्या वस्तू सांगतात. त्याच थरातला कोळशाचा तुकडा, जळका गहू, एखादं खापर. हे तांब्याचे साक्षीदार. रथ जर उत्खननात, थरातल्या थरात मिळाला असता, तर साक्षीदारही हाती लागले असते. पण तो मिळाला खणताना, अचानक. त्यात त्या शेतकऱ्याचा काय दोष? त्याला कुठं माहीत होतं की खाली रथ आहे! त्याच्यामुळेच तर तो आपल्याला मिळाला. पण साक्षीदारांची साक्ष मात्र तेव्हाच विस्कटली. मागाहून जे जमलं ते जुळवाजुळवीनं.

आम्ही तिघं त्या पांढरीवर उभे राहून नदीकडे बघत होतो. भाची हळूच म्हणाली, "म्हणजे तांबं कशाचं आहे ते तांबं सांगतं. पण केव्हाचं आहे ते माती सांगते."

मला वाटतं, या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं.

तिसरा मुक्काम : नेवासे

नेवासे म्हटलं की आपल्याला आठवतात ज्ञानेश्वर महाराज. त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती इथंच, प्रवरेच्या काठी. ते मंदिर, तो खांब पाहून आम्ही हात जोडले आणि मग गेलो 'लाडमोड' नावाच्या टेकाडाकडे. १९५४ पासून डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे इथं खणलं.

जोर्वे संस्कृतीची माणसं लहान मूल दगावलं तर त्याला दूर नेत नसत. मातीच्या दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ते ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. आपलं बाळ आपल्याजवळच राहावं, असं त्या आईला वाटत असेल. नेवाशात अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी हिरवे पडलेले. आणि त्या मण्यांच्या भोकात दोऱ्याचे बारीक धागे अजून शिल्लक होते!

तीन हजार वर्षांहून जुना दोरा? आपला सदरा ओल्या मातीत पुरला तर वर्षा-दोन वर्षांत कुजेल. मग हा दोरा टिकला कसा?

टिकवला तो त्याच हिरव्या थरानं. तांबं जमिनीत पडलं की ओल, हवा आणि मातीतले क्षार यांच्याशी त्याचा संयोग होतो. तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात. हे क्षार दोऱ्यात झिरपले. कुजवणारे जंतू आणि बुरशी यांना तांब्याचे क्षार म्हणजे विष. शेतकरी द्राक्षांवर मोरचुदाचं मिश्रण फवारतात ना? ते मोरचूदही तांब्याचाच क्षार. तेच काम इथं झालं. मण्यांनी आपला दोरा राखला.

ए. एन. गुलाटी या वस्त्रतंतूंच्या जाणकारांनी ते धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना त्यात कापूस आणि रेशीम यांचे तंतू दिसले. यापूर्वी त्यांनी आणि टर्नर यांनी मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेलं कापड तपासलं होतं आणि ते सुती असल्याचं दाखवलं होतं. तिथंही कापड राखलं होतं ते धातूच्या क्षारांनीच.

आता विचार करा. ते मणी सापडल्याबरोबर कुणी चिंचेनं घासून लख्ख केले असते तर? मणी छान चमकले असते. आणि आईनं बाळासाठी ओवलेला दोरा मोरीतून वाहून गेला असता.

भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, तुमची शिवराई..."

होय, माझी शिवराई. नाण्यावरचा सगळा हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. नाण्याचाच वरचा भाग क्षार होऊन त्या थरात गेलेला असतो, आणि कित्येकदा अक्षरांचा उठावही त्या थरातच राहिलेला असतो. मी मळ काढतोय असं समजून अक्षरंच घासून काढली होती. काही वेळा फिकट हिरव्या भुकटीचा एक रोग वस्तूला लागतो, तो आतून पोखरतो, तो थांबवावाच लागतो. पण ते काम प्रयोगशाळेचं. कुठला थर ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे चिंच-मिठाला कळत नाही.

तेव्हा मुलांनो, नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना एखादी हिरवी, गंजलेली वस्तू दिसली तर एवढं करा. ती घासू नका. शक्य असेल तर हलवूही नका. जागेवर खूण करा, वहीत लिहून ठेवा : कुठं, किती खोल, शेजारी काय होतं. फोटो काढता आला तर उत्तमच. मग शाळेतल्या सरांना किंवा बाईंना, तलाठ्याला, तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेल्या अशा धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असा कायदाच आहे, १८७८ सालापासून. आणि आईबाबांनो, मूल असं काही घेऊन धावत घरी आलं, तर आधी त्याची पाठ थोपटा आणि मग पितांबरीचा डबा वरच्या फळीवर ठेवा!

परतीच्या गाडीत भाचीनं विचारलं, "मामा, ती शिवराई अजून आहे?"

आहे. माझ्या टेबलाच्या खणात, कापसात गुंडाळून ठेवली आहे. घरी आल्यावर दोघांनी ती भिंगाखाली धरली आणि कितीतरी वेळ तिरपी-सरळ करून पाहिली. अर्धी वेलांटी दिसत होती. "मामा," भाचा म्हणाला, "हिच्याही धातूची तपासणी करता येईल ना? क्ष-किरणांनी? न घासता?"

येईल की. अक्षरं गेली, पण तांबं अजून बोलायचं आहे.